मिंधेपणाविना भाकर: ‘प्रभूने पुरवलं’ या साक्षीमागची गोष्ट

मराठी ख्रिस्ती मंडळीत बसणाऱ्याला ‘साक्ष’ नवीन नाही. उपासनेत किंवा कुणाच्या घरी भरलेल्या प्रार्थनासभेत एखादी बाई पदर सावरत उभी राहते. मुलाच्या फीची मुदत संपत आली होती, कुणाला सांगितलं नव्हतं, गुडघे टेकले आणि प्रभूने पुरवलं, एवढंच सांगून खाली बसते. बाहेरच्याला हे दैववादी वाटतं. हातपाय न हलवता ‘देव देईल’ म्हणणाऱ्यांचा पंथ! पण या दोन शब्दांना इतिहास आहे, आणि तो भाविकतेचा जेवढा, तेवढाच पगाराचा, वर्गणीचा आणि हिशेबाच्या वह्यांचा आहे. ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांना आळस करायचा नव्हता. त्यांना कुणाचं मिंधं राहायचं नव्हतं.

गोष्ट इंग्लंडमधल्या टीनमथ या किनाऱ्यावरच्या गावापासून धरता येईल. 1830 साली तिथल्या छोट्या मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, होता जॉर्ज म्युलर, मूळचा प्रशियाचा, वय पंचवीस. पूर्वचरित्र असं की लहानपणी बापाकडच्या सरकारी करवसुलीच्या पैशांवर हात मारलेला, आणि सोळाव्या वर्षी खानावळीचं बिल बुडवल्याबद्दल तुरुंग पाहिलेला. त्या काळी चर्चमधली बाकं भाड्याने दिली जात. पुढचं बाक महाग, मागचं स्वस्त, आणि त्या भाड्यातून पाळकाचा पगार. याकोबाच्या पत्रात श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवण्याला सरळ दोष दिला आहे. म्युलरने ते वाचून भाडं बंद केलं, ठरलेला पगारही सोडला आणि देवळात एक पेटी ठेवली. ज्याला वाटेल त्याने टाकावं. एक नियम मात्र पक्का केला: आपली गरज माणसाला सांगायची नाही, देवाला सांगायची. कर्जही काढायचं नाही.

पुढे ब्रिस्टलला त्याने 1836मध्ये भाड्याच्या घरात अनाथालय सुरू केलं. 1870पर्यंत अ‍ॅशली डाउनच्या टेकडीवर पाच मोठ्या इमारती झाल्या आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. 1898 साली तो वारला तोपर्यंत दहा हजारांवर मुलं त्याच्या हाताखालून गेली होती. रिकाम्या ताटांपुढे मुलांना बसवून त्याने आभार मानले आणि तेवढ्यात पाववाला दारात आला, ही गोष्ट आपल्याकडच्या संडे स्कूलमध्ये हमखास सांगतात. मला तिच्यापेक्षा त्याचे छापील अहवाल बोलके वाटतात. आलेली देणगी, तारीख, रक्कम, कुणी अंगठी दिली, कुणी चमचे दिले, सगळी नोंद. एके काळी बिल बुडवणारा हा माणूस पै-पैचा हिशेब देवापुढे आणि लोकांपुढे उघडा ठेवत होता.

ही कल्पना त्याची एकट्याची नव्हती. तो जर्मनीतल्या ज्या हाल्ले शहरात शिकला, तिथे फ्रांके नावाच्या धर्मोपदेशकाने सतराव्या शतकाच्या अखेरीस असंच अनाथालय उभारलं होतं. त्याच हाल्लेच्या परंपरेत घडलेला त्सीगेनबाल्ग 1706मध्ये तामिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरला. म्युलरच्या पद्धतीचा मोठा अनुयायी हडसन टेलर. 1865मध्ये त्याने काढलेल्या ‘चायना इनलँड मिशन’मध्ये प्रचारकाला ठरलेला पगार नव्हता आणि वर्गणी मागायचीही नाही असा दंडक होता. अशा संस्थांना पुढे ‘फेथ मिशन’ हे नाव पडलं.

मराठी मुलखात हा विचार आला तो पुस्तकांतून, आणि तो उचलला पंडिता रमाबाईंनी. पण त्यांच्या बाबतीत मुळं आणखी मागे जातात.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थयात्रा करत फिरणारे पुराणिक होते. देवळाच्या ओवरीत, झाडाखाली नाही तर नदीच्या घाटावर बसायचं आणि पुराण वाचायचं. ऐकणारे पोथीपुढे फळं, धान्य, पैसे ठेवून जात. पुराणिकाने मोल सांगायचं नसतं. भीक मागायची नाही, चाकरी करायची नाही, जे येईल त्यावर राहायचं आणि उरेल ते दानधर्मात घालायचं. वर्षानुवर्षं हे कुटुंब असंच जगलं. म्हणजे ‘मागायचं नाही, येईल ते घ्यायचं’ ही रीत रमाबाईंना ब्रिस्टलने शिकवलेली नव्हती. ती घरचीच होती.

आणि ती घरातच कोसळलेलीही त्यांनी पाहिली. 1874च्या सुमारास दक्षिणेत उपासमारीने गाठलं तेव्हा होतं नव्हतं ते देवाधर्मात गेलं होतं. मूर्तींपुढे अनुष्ठानं झाली, उपास झाले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई, थोरली बहीण गेली. उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाले. पंजाबात झेलमच्या काठी थंडी इतकी की दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि वाळू पांघरून रात्र काढली. जिला देवावर विसंबून राहणं म्हणजे काय हे या मार्गाने कळलं, ती बाई पुढे पुन्हा ‘देवावरच विसंबते’ असं म्हणते तेव्हा ते भोळेपणाने म्हणत नसते. हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांनी पुढे केडगावला उभं केलेलं काम समजत नाही.

1883च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठभगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला की एक गोष्ट ठसते: ही बाई ऐकून घेणारी नव्हती. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, दुसऱ्याचं मानेवर घ्यायची माझी तयारी नाही, असं त्यांनी 1885मध्ये साफ लिहिलं. पुढे अमेरिकेत त्यांनी व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, आणि 1887च्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षं द्यायचं असोसिएशनने कबूल केलं. अट अशी की शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. 11 मार्च 1889ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती.

वर्ग सरळ चालले, पैसाही आला, पण मान कायम दोन हातांत: एक हात बॉस्टनचा, एक पुण्याचा. रमाबाई पहाटे स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे. ज्या मुली येऊन बसत त्यांना त्या हाकलत नसत. एवढ्यावरून रण पेटलं. 1893मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्याची बाजू अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. विधवा मुलींचं शिक्षण आधीच लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं, त्यात धर्मांतराचा संशय आला असता तर सुधारकांचं सगळंच बुडालं असतं. पण रमाबाईंना यातून जे उमगलं ते वेगळं होतं: ज्याचा पैसा त्याचा शब्द.

याच वर्षांत त्यांच्या आत काही हललं होतं. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी नंतर आपल्या साक्षीत लिहिलं. बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षं उलटल्यावरची ही कबुली. मग त्यांनी तीन चरित्रं वाचली: म्युलर, हडसन टेलर आणि प्रशांत महासागरातल्या न्यू हेब्रिडीज बेटांवरचा मिशनरी जॉन पेटन. वाचून त्यांना पडलेला प्रश्न अगदी साधा होता. प्रभूवर असा भरवसा टाकून तिकडे चालतं, तर हिंदुस्थानात का चालू नये?

1896 साली लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या पंधरा मुली घेऊन गेल्या. पुन्हा पुन्हा त्यांनी त्या मोजल्या आणि प्रार्थना केली की पुढच्या मेळाव्यापर्यंत या पंधरांचा वर्ग व्हावा. म्हणजे पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस! शास्त्र्याच्या मुलीला प्रार्थनेतही गणित सुचावं, याची मला गंमत वाटते. शाळेत तेव्हा पन्नासेक मुलींचीच सोय होती आणि पैसाही तेवढ्यांपुरताच.

त्याच हंगामात मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःची उपासमार आठवून रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग सुरू झालेला. मग पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, दौंडच्या वाटेवरच्या केडगावला त्यांनी घेतलेली ओसाड जमीन कामी आली. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. 1900च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

आता त्या जमिनीबद्दल. ती घेतली होती कशासाठी? बॉस्टनची दहा वर्षं संपली की शाळेला उत्पन्न हवं, म्हणून फळबाग करायला. म्हणजे देवावर भिस्त ठेवणारी बाई विहिरीही खणत होती आणि झाडंही लावत होती. मुक्तीत माग होते, तेलघाणा होता, छापखाना होता. मुलींना ते सगळं शिकवलं जाई. त्या छापखान्यात रमाबाईंनी स्वतः केलेलं बायबलचं सोपं मराठी भाषांतरही छापलं गेलं. ते काम 1922मध्ये, मरणाच्या अगदी उंबरठ्यावर, त्यांनी हातावेगळं केलं. प्रार्थना आणि कष्ट यांत त्यांना भांडण दिसत नव्हतं. त्यांना नको होता तो फक्त अटी घालणारा दाता.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘कुणाकडे मागितलं नाही’ म्हणजे ‘कुणाला कळलं नाही’ असं नव्हे. म्युलरचे अहवाल इंग्लंडभर वाचले जात. मुक्तीचं ‘प्रेअर बेल’ हे पत्रक देशोदेशी जाई. 1898मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि जुन्या असोसिएशनच्या जागी नवं उभं राहिलं. चरित्रकार हे भरभर ओलांडतात. माझ्या मते ओलांडू नये, कारण त्याने विश्वास उणा होत नाही, फक्त चमत्कारामागचा टपालाचा शिक्का दिसतो.

या सगळ्याला मराठी मुलखात एक जास्तीची धार होती. 1813पासून मुंबईत आणि 1831पासून नगरला अमेरिकन मराठी मिशन काम करत होतं. शाळामास्तर, उपदेशक, बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया, सगळे मिशनच्या पगारावर. दुष्काळात मिशनने जीव वाचवले, आणि त्याबरोबर ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणाही पिढ्यान्‌पिढ्या चिकटला. साहेबाचा पगार घेऊन ख्रिस्त सांगणाऱ्याचं कोण ऐकणार, हा प्रश्न नगरच्या विचारी ख्रिस्ती माणसाला टोचत होता.

नारायण वामन टिळकांना तो सर्वांत जास्त टोचला. 1895मध्ये बाप्तिस्मा, मग मिशनचं काम, राहुरीला वस्ती, अभंग, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकातलं लेखन. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे चालतील, अशी त्यामागची कल्पना. पगार सोडल्याशिवाय एवढं मोकळं दार उघडता आलं नसतं. पण वेळ थोडा मिळाला. 1919च्या मे महिन्यात टिळक गेले.

लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचणाऱ्याला मात्र दुसराही हिशेब दिसतो. टिळकांच्या हातात पैसा कधी टिकला नाही आणि घर ओढलं ते लक्ष्मीबाईंनी. नवरा देवावर विसंबला की बायकोला वाण्याच्या उधारीवर विसंबावं लागतं, हे त्यांच्या हसत हसत लिहिलेल्या आठवणींतून कळतं. विश्वासवीरांच्या चरित्रात हे प्रकरण सहसा नसतं.

आज आपल्या मंडळ्यांमध्ये पगार आहेत, ट्रस्ट आहेत, ऑडिट आहे. पाळकही महिन्याच्या शेवटी पगाराची वाट बघतात, त्यात काही वावगं नाही. जुन्या रितीची खूण उरली आहे ती घरांत. नीतिसूत्रांतलं ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ हे वचन कितीतरी भिंतींवर असतं. भाषांतरकारांनी इथे ‘भाव’ हा वारकऱ्यांचा शब्द उचलला, हे फार बरं केलं. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ मध्येही उद्याची भाकर मागितलेली नाही.

आणि खूण उरली आहे ती साक्षीत. फीची गोष्ट सांगणारी बाई पैसे कुणी दिले ते सांगत नाही. पुष्कळदा मंडळीतल्या चौघांना ते ठाऊक असतं. कुणीतरी उपासनेनंतर चपला घालता घालता तिच्या बायबलात पाकीट सरकवलेलं असतं. देणारा तिसऱ्या रांगेत बसून इतरांबरोबर ‘आमेन’ म्हणतो. पाकिटावर नाव नसतं.