चष्म्याचा नंबर बरोबर, तरी डोकं दुखतंय?

आमच्या ग्राहकांसाठी माहिती

डोकं दुखलं की नागपुरात पहिला संशय उन्हावर, दुसरा पित्तावर, तिसरा चष्म्यावर. तिसऱ्या संशयाने लोक आमच्याकडे येतात. नंबर बदलून पुष्कळांना आराम पडतो. मोजक्या काहींना पडत नाही, कारण दुखणं चष्म्याचं नसतंच.

मेंदूभोवती पाण्यासारखा द्रव असतो. मोठ्या माणसात तो एका वेळी साधारण १५० मिली असतो. रोज सुमारे ५०० मिली नवा तयार होतो आणि तेवढाच रक्तात शोषला जातो. हा हिशेब बिघडला की कवटीच्या आतला दाब वाढतो. गाठ नाही, गुठळी नाही, जंतुसंसर्ग नाही, तरीही दाब वाढलेला. या आजाराला डॉक्टर आयआयएच म्हणतात, म्हणजे इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन, कारण न सापडता कवटीत वाढलेला दाब. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी वेगळं.

वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. पुरुषांना, मुलांनाही होतो. पिंपल्ससाठी घेतलेली डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन, तसंच व्हिटॅमिन एचा अतिरेक यांनीही असाच दाब वाढू शकतो.

वाकून उठताना काही सेकंद अंधारी येते का? कानात नाडीच्या ठोक्यासोबत सूं-सूं वाजतं का? लांबची एकच गाडी शेजारीशेजारी दोन दिसते का? डोकेदुखीसोबत यातलं काही असेल तर आम्हाला आवर्जून सांगा.

आमच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली म्हणजे डोळ्याची नस चांगली आहे, असं समजू नका. या दाबाने नस सुजते तेव्हा सहसा आधी कडेची नजर जाते. समोरचं बराच काळ स्वच्छ दिसत राहतं. उपचार लांबले तर गेलेली नजर परत येईलच असं नाही. सूज बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासावा लागतो. ते काम नेत्रतज्ज्ञांचं. मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, किंवा तुमचे नेहमीचे डोळ्यांचे डॉक्टर, कुठेही जा. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्या. उन्हाळ्यात गॉगलही.

सूज आढळली तर एमआरआय होतो, मग पाठीतून पाणी काढून दाब मोजतात. मोठ्यांमध्ये तो पाण्याच्या २५ सेंटिमीटर उंचीइतका किंवा अधिक भरला तर वाढलेला धरतात. पाठीतल्या सुईने पाय जातात ही भीती घरोघरी आहे. पण मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली, कमरेत ती सुई देतात. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा मुख्य उपाय. जोडीला बहुधा ॲसेटाझोलामाइडच्या गोळ्या असतात. त्यांनी बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बिघडते. नजर झपाट्याने जात असेल तर ऑपरेशन.

नजर एकाएकी कमी झाली, तर आमच्याकडे न येता त्याच दिवशी थेट दवाखाना गाठा.

जाताना जुना चष्मा, नंबरची चिठ्ठी आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा घ्या. नव्या चष्म्याची ऑर्डर दिली असेल तर फोन करा, डॉक्टरांचं मत येईपर्यंत काच कापणार नाही.