वॉरियर्समधले खलनायक : टायगरस्टारपासून अ‍ॅशफरपर्यंतची पार्श्वभूमी

जंगलात टोळ्या करून राहणाऱ्या मांजरांच्या 'वॉरियर्स' या कादंबरी मालिकेतला सर्वांत जबरदस्त खलनायक कोण, हा वाचकांमधला वाद सुरुवातीची काही वर्षे टायगरस्टार आणि स्कर्ज या दोन बोक्यांभोवतीच फिरत होता. २००८ च्या अखेरीस 'लाँग शॅडोज' आले आणि वादात अ‍ॅशफर शिरला. तोपर्यंत मोजमाप सरळ होते: कोणी किती मारले, काय बळकावले, शेवट कसा झाला. अ‍ॅशफरनंतर आणखी एक प्रश्न जोडला गेला: मेल्यानंतर त्याला कुठे ठेवले? आजच्या पसंतीच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, त्याचे मोठे कारण हा प्रश्न आहे.

पहिली सहा पुस्तके २००३ आणि २००४ या दोनच वर्षांत आली. त्यांत टायगरक्लॉची (टायगरस्टारचे नेता होण्याआधीचे नाव) चढण पायरीपायरीने दिसते. तो लढाईच्या गोंधळात आपल्याच थंडरक्लॅन टोळीचा उपनेता रेडटेल याला मारतो आणि आळ शत्रू टोळीच्या मेलेल्या ओकहार्टवर ढकलतो. तरीही उपनेतेपद त्याला लगेच मिळत नाही, मध्ये लायनहार्ट येतो. हा उशीर फार महत्त्वाचा आहे, कारण या काळात त्याला साक्षीदाराचा, म्हणजे रेव्हनपॉचा, बंदोबस्त करावा लागतो आणि वाचकाला त्याची काम करण्याची पद्धत कळते. तो उघड धमकी देत नाही. आपल्याच शिकाऊ बोक्याविषयी टोळीत संशय पेरत राहतो. 'फॉरेस्ट ऑफ सीक्रेट्स'मध्ये उघडा पडल्यावर त्याला हाकलले जाते, पण पुढच्याच पुस्तकाच्या शेवटी तो शॅडोक्लॅन या दुसऱ्या टोळीचा नेता म्हणून परततो. 'अ डेंजरस पाथ'मध्ये तो कुत्र्यांचा कळप थंडरक्लॅनच्या तळावर सोडतो. त्यासाठी मेलेले ससे ओळीने टाकतो आणि कुत्र्यांना मांजराच्या रक्ताची चटक लागावी म्हणून वाटेच्या शेवटी ब्रिंडलफेसला मारून ठेवतो. ही ब्रिंडलफेस अ‍ॅशफरची आई. कुत्र्यांना दरीकडे पळवत नेण्याच्या साखळीतला पहिला टप्पा तिच्याच दोन पिल्लांनी धावून पार केला होता. पुढच्या वादात ही गोष्ट सहसा कोणी काढत नाही. काढायला हवी.

स्कर्जची गणना करताना मात्र नेहमी घोळ होतो. 'द डार्केस्ट अवर'मध्ये तो अगदी थोडी पाने दिसतो: अंगाने लहान, काळा, एक पंजा पांढरा, गळ्यात दातांनी मढवलेला पट्टा, नखांना कुत्र्याच्या दातांची धार. एका फटक्यात तो टायगरस्टारचे नऊही जीव घेतो. इथे नियम नीट लक्षात घ्यावा लागतो. टोळीच्या नेत्याला नऊ जीव असतात. नेत्याचा एक जीव गेला की शरीर सावरून पुढचा जीव सुरू होतो. इथे जखम इतकी मोठी होती की सावरायला वावच मिळाला नाही, प्रत्येक नवा जीव त्याच जखमेतून वाहून गेला. थंडरक्लॅनचा नेता फायरस्टार याच्या बाबतीत स्कर्जच्या फटक्याने एकच जीव गेला आणि फायरस्टार उठून उभा राहिला. स्कर्जचा स्टारक्लॅनवर, म्हणजे मेलेल्या पूर्वज मांजरांच्या आत्म्यांच्या टोळीवर, विश्वासच नव्हता, त्यामुळे मेलेला शत्रू परत येणे त्याच्या हिशेबात नव्हते.

त्याचे बालपण चार वर्षांनी, २००८ मध्ये, 'द राइज ऑफ स्कर्ज' या चित्ररूप पुस्तकात आले. टायनी नावाचे घरगुती पिल्लू, त्याला जंगलात मारहाण करणारा शिकाऊ टायगरपॉ (म्हणजे पुढचा टायगरस्टार), गळ्यातला पट्टा काढण्याच्या खटपटीत पट्ट्यात अडकलेला टाकाऊ कुत्र्याचा दात, आणि त्या दातावरून 'मी कुत्रा मारला' अशी मारलेली थाप. यातले काहीच पहिल्या सहा पुस्तकांत नाही. म्हणून तुलना करताना आधी ठरवावे लागते की स्कर्ज कोणता घ्यायचा. २००४ चा घेतला तर तो कारण नसलेली, थंड दहशत आहे. २००८ चा घेतला तर तो सूड उगवणारा बोका आहे, आणि टायगरस्टारचा मृत्यू ही जुन्या हिशेबाची फेड ठरते. दोन्ही एकत्र करून गुण देणारे वाचक त्याला दुप्पट गुण देतात आणि टायगरस्टारवर अन्याय करतात.

शॅडोक्लॅनचा आधीचा नेता ब्रोकनस्टार याच्याविषयी थोडक्यात: सहा महिने पूर्ण न झालेल्या पिल्लांना लढाईत उतरवणे हा त्याचा सर्वांत काळा गुन्हा. बापाचा खून त्याच्या खालोखाल. टायगरस्टारचा मुलगा हॉकफ्रॉस्ट बापाच्या सावलीतून बाहेर येत नाही. भटक्या सोलची जागा वेगळीच आहे. सूर्यग्रहणाचे भाकीत खरे ठरवून तो एका अख्ख्या टोळीची श्रद्धा हलवतो आणि स्वतः पंजा उगारत नाही.

आता थंडरक्लॅनचा अ‍ॅशफर. 'सनसेट'मध्ये (२००६) फायरस्टार कोल्ह्यासाठी लावलेल्या फासात अडकतो. मरताना हॉकफ्रॉस्ट सुचवून जातो की थंडरक्लॅनमधल्याच कोणीतरी मदत केली. नाव येत नाही. ते येते 'लाँग शॅडोज'मध्ये. विजेमुळे तळाला आग लागलेली, तीन तरुण मांजरे कड्यावर अडकलेली, सुटकेसाठी एकच फांदी, आणि फांदीच्या दुसऱ्या टोकाला वाट अडवून उभा असलेला अ‍ॅशफर. या तिघांची आई मानली जाणारी स्क्विरलफ्लाइट हिने अ‍ॅशफरला सोडून ब्रॅम्बलक्लॉला निवडले, म्हणून तिने स्वतःची पिल्ले जळताना पाहावीत, हा त्याचा हिशेब. फासाची कबुलीही तो इथेच देतो. तिन्ही वाचतात, कारण ती आपली नाहीतच हे सत्य स्क्विरलफ्लाइट त्याच्या तोंडावर फेकते. हेच सत्य सगळ्या टोळ्यांसमोर सांगायला निघालेला अ‍ॅशफर मरतो. मारणारी त्या तिघांपैकीच एक, हॉलीलीफ होती, हे 'सनराइज'मध्ये कळते.

इथपर्यंत वाद नाही. वाद पुढच्या निर्णयाचा. अ‍ॅशफर डार्क फॉरेस्टमध्ये, म्हणजे दुष्ट मांजरे मेल्यावर जातात त्या जागी, न जाता स्टारक्लॅनमध्ये दिसला. कारण असे दिले गेले की त्याचा दोष फक्त अति प्रेम करण्याचा. एवढ्या एका वाक्यावर वाचक वर्षानुवर्षे भांडले आणि ते भांडण योग्यच होते. निर्णयाच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. पहिला, जिवंतपणी त्याच्या पंजाने कोणीही मेले नाही. दुसरा, फास लावण्याचा बेत हॉकफ्रॉस्टचा होता. तिसरा, तो मारला गेला तेव्हा निःशस्त्र होता आणि खोटे बोलत नव्हता. पहिला मुद्दा खरा आहे, पण अपुरा. फायरस्टार वाचला तो ब्रॅम्बलक्लॉने निवड बदलली म्हणून, आणि तिघे वाचले ते एका गुपितामुळे. दोन्ही वेळा अ‍ॅशफर स्वतःहून मागे सरला नाही. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य कमी आहे, कारण नेत्याला फासापर्यंत नेण्याचे काम टोळीतल्या विश्वासातल्याच बोक्याला जमणारे होते. तिसरा मुद्दा हॉलीलीफच्या अपराधाविषयी आहे, अ‍ॅशफरच्या नाही.

मूळ अडचण नियमांची आहे. डार्क फॉरेस्टमध्ये कोण जाते याचा लिखित नियम मालिकेत तोपर्यंत नव्हताच. टायगरस्टार, ब्रोकनस्टार, हॉकफ्रॉस्ट यांच्याबाबत कोणाला शंका नसल्याने नियमाची गरजही पडली नाही. अ‍ॅशफर हे पहिले अवघड प्रकरण होते आणि ते एका सबबीवर मिटवले गेले. एकाच टोपणनावाखाली अनेक हातांनी लिहिलेल्या मालिकेत असे होणे समजण्यासारखे आहे, पण परिणाम टळत नाही. २०१९ च्या 'स्क्विरलफ्लाइट्स होप'मध्ये स्क्विरलफ्लाइट आणि लीफपूल या बहिणींच्या पात्रतेवर स्टारक्लॅनमध्ये खल होतो, तोही पिल्लांविषयी खोटे बोलल्याबद्दल. त्या पिल्लांना जाळायला निघालेल्याच्या वाट्याला असा खल आलेलाच नव्हता. हे पुस्तक वाचताना संताप येतो.

त्याच वर्षी सुरू झालेल्या 'द ब्रोकन कोड' या सहा पुस्तकांच्या पर्वाने हा निर्णयच कथानकाचा पाया केला. ब्रॅम्बलस्टारचा (म्हणजे नेता झालेल्या ब्रॅम्बलक्लॉचा) एक जीव जातो आणि त्याच्या शरीरात दुसराच कोणीतरी परततो. तो टोळ्यांची नियमसंहिता मोडणाऱ्यांची नावे काढून त्यांना शिक्षा देत सुटतो. हा अ‍ॅशफर आहे, हे २०२० मध्ये उघड होते. स्टारक्लॅन आणि जिवंत मांजरे यांच्यातला दुवा त्यानेच तोडलेला असतो. म्हणजे ज्यांनी त्याला आत घेतले, त्यांनाच त्याने कोंडले. 'द प्लेस ऑफ नो स्टार्स'मध्ये तो मेलेल्यांचे आत्मे इच्छाशक्ती हिरावून लढायला लावतो. 'अ लाइट इन द मिस्ट'मध्ये (२०२१) थंडरक्लॅनची तरुण मांजरी ब्रिसलफ्रॉस्ट त्याला डार्क फॉरेस्टच्या काळ्या पाण्यात ओढून नेते आणि दोघेही कायमचे नाहीसे होतात. या पर्वाने जुनी चूक दुरुस्त केली असे मानायला जागा आहे. पण दुरुस्तीची किंमत ब्रिसलफ्रॉस्टने मोजली, आणि तिच्या वाट्याला स्टारक्लॅनही उरला नाही.

अ‍ॅशफरच्या बाजूला ठेवण्यासारखी एकच मांजरी आहे, मेपलशेड. ती २०११ च्या 'क्रुकेडस्टार्स प्रॉमिस'मध्ये आधी येते आणि तिची स्वतःची कथा 'मेपलशेड्स व्हेंजन्स'मध्ये २०१५ ला. दुसऱ्या टोळीच्या अ‍ॅपलडस्कपासून झालेली तीन पिल्ले, हकालपट्टी, पावसाने फुगलेली नदी, आणि पलीकडे नेताना तिन्ही पिल्लांचे बुडणे. नंतर अ‍ॅपलडस्कही तिला झिडकारतो. मग तिने तीन खून केले. तिचे दुःख अ‍ॅशफरपेक्षा कितीतरी मोठे होते आणि तिला डार्क फॉरेस्ट मिळाले. स्कर्जप्रमाणे तिच्याबाबतही क्रम बघावा लागतो: २०१२ च्या 'द लास्ट होप'मध्ये ती स्टारक्लॅनमधल्या स्पॉटेडलीफचा आत्मा नष्ट करते, तेव्हा वाचकांना नदीचा तो प्रसंग अजून सविस्तर माहीत नव्हता.

डार्कटेलचे काम 'शॅटर्ड स्काय'मध्ये (२०१७) आटोपते. बाप वनस्टारसह तळ्यात बुडून तो मरतो. टोळ्यांच्या श्रद्धेशी देणेघेणे नसलेला आणि तरीही टोळी चालवणारा म्हणून तो स्कर्जच्या जवळ जातो, पण कैद्यांना उपाशी ठेवून फोडण्याची त्याची पद्धत जास्त हिशेबी आहे. टोळ्यांच्या स्थापनेच्या काळातले वन आय आणि स्लॅश कथेत सर्वांत जुने असले तरी लिहिले गेले २०१३ ते २०१५ दरम्यान, आणि कोणाच्या यादीत ते वर चढलेले दिसत नाहीत.

याद्या वाचताना एक सावधगिरी. 'अ व्हिजन ऑफ शॅडोज' या पर्वाच्या शेवटापासून शॅडोक्लॅनचा नेता टायगरस्टार असा उल्लेख आला तर तो पहिल्याचा नातू टायगरहार्ट असतो, खलनायक नाही. आणि अ‍ॅशफरविषयी मत बनवायचे असेल तर 'सनसेट', 'लाँग शॅडोज' आणि 'सनराइज' ही तिन्ही 'द ब्रोकन कोड'च्या आधी वाचावीत. उलट क्रमाने वाचणाऱ्याला तो पहिल्या पानापासून राक्षस वाटतो आणि स्टारक्लॅनने त्याला आत का घेतले असेल, हा प्रश्न पडतच नाही.