दोन सेकंदांत मावणारं वाक्य

एमआरआयच्या टेबलावर झोपवून टेक्निशियनने माझ्या कानांत बोळे घातले, वरून हेडफोन चढवले, चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी चौकट बसवली आणि उजव्या हातात एक रबरी फुगा दिला. "ताई, २५ मिनिटं लागतील. अजिबात हलायचं नाही. काही वाटलं तर हा दाबा." टेबल आत सरकलं. छत इतकं जवळ आलं की डोळे मिटून घेतले, आणि ठकठक सुरू झाली.

अशा वेळी म्हणायला मी एक वाक्य ठरवून आले होते. मी शांत आहे. मी शांत आहे. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत घशाला कोरड पडली. मी शांत नव्हते, आणि हे माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? वाक्य म्हटलं की आतून कोणीतरी तपासायला जायचं, खरंच शांत आहेस का, आणि दर वेळी नकार घेऊन परत यायचं.

मग कधीतरी बोटांना रबर जाणवलं. फुगा हातात आहे, मी मनात म्हटलं. पुन्हा म्हटलं. मशीनच्या ठोक्यांत ते वाक्य आपोआप बसलं. फुगा हातात आहे, ठक ठक ठक, फुगा हातात आहे. उरलेला सगळा वेळ मी तेवढंच म्हणत होते, आणि तपासणी पूर्ण झाली.

पहिलं वाक्य का फसलं आणि दुसऱ्याने का तारलं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. शोधायला गेले तेव्हा कळलं की मानसशास्त्राकडे आणि मेंदूविज्ञानाकडे याची बरीच उत्तरं आहेत. त्यातली काही तर आपण एकमेकांना सर्रास देतो त्या सल्ल्याच्या अगदी उलट आहेत.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी लोकांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं. ज्यांचा स्वतःबद्दलचा ग्रह आधीच चांगला होता, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल फारसं चांगलं वाटत नव्हतं, म्हणजे ज्यांना या वाक्याची खरी गरज होती, त्यांना मात्र वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा जास्त वाईट वाटलं. मनाला न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच विरुद्ध बाजूचे पुरावे काढून बसतं. खचलेल्या माणसाला "मी खंबीर आहे असं रोज म्हण" असं सांगणारे लोक मनापासून सांगत असतात, पण त्याच्या हातात ते नकळत एक परीक्षा देतात, आणि त्या दिवसांत तो तिच्यात नापासच होणार असतो.

शंभर वर्षांपूर्वी एमिल कुए नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्याने अशा वाक्यांची जगभर लाट आणली होती. औषध देताना त्याची स्तुती केली की गुण जास्त येतो, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. मग त्यांनी लोकांना एक वाक्य दिलं: दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होतो आहे. सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणायचं, आणि मोजदाद चुकू नये म्हणून वीस गाठींची दोरी हातात धरायची. कुएंबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी जोर लावू नका असं बजावलं होतं. वाक्य हलक्या आवाजात, यंत्रासारखं म्हणा, असं ते सांगत. ती गाठींची दोरीही मला फार शहाणपणाची वाटते. बोटांना काम मिळतं.

"मी शांत आहे" का फसतं याचा आणखी एक धागा अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत सापडतो. भाषणाआधी घाबरलेल्या काही लोकांना "मी शांत आहे" म्हणायला लावलं, काहींना "मी उत्साहात आहे". उत्साहवाल्यांची भाषणं परीक्षकांना जास्त पटली. हृदय धडधडत असताना त्याला एकदम मंद करणं अवघड. त्याच धडधडीला वेगळं नाव देणं त्या मानाने सोपं. अर्थात हे परीक्षा, मुलाखत, रंगमंच यांपुरतं ठीक. घरात माणूस गेलेलं असताना "मी उत्साहात आहे" म्हणायला कोण सांगेल?

आता लांबीबद्दल, कारण मला यातला सर्वांत उपयोगी भाग तोच वाटतो.

अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये आपल्या कार्यकारी स्मृतीचं एक प्रारूप मांडलं. त्यात आवाजासाठी एक छोटी फिरती पट्टी आहे. फोन नंबर लिहून घेईपर्यंत आपण तो पुटपुटत राहतो, तो या पट्टीवर. ती साधारण दोन सेकंदांच्या बोलण्याइतकीच लांब असते. त्याहून लांब मजकूर फिरून येईपर्यंत विरायला लागतो. आणि पट्टी एकच असते. कोणीतरी सांगितलेला नंबर मनात धरून ठेवताना तोंडाने "एक, एक, एक" असं म्हणत राहून पाहा. नंबर निसटतो, कारण जागा त्या "एक"ने व्यापलेली असते.

चिंतेलाही हीच जागा लागते. थॉमस बोर्कोवेक यांनी चिंतेचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण असं, की चिंता चित्रांपेक्षा शब्दांतच जास्त चालते. "असं झालं तर? तसं झालं तर?" ही सगळी बडबडच असते. पट्टीवर एक छोटं वाक्य फिरत असलं की त्या बडबडीला सलग जागा मिळत नाही. ती पूर्ण थांबत नाही, पण तुटक होते. माझं "फुगा हातात आहे" म्हणायला जेमतेम एक सेकंद लागतो. एखादं सुंदर, चार ओळींचं, अर्थगर्भ वचन मी तिथे घोकू शकले नसते.

त्यात ताणाच्या वेळी मेंदूची कुवतही घटलेली असते. कपाळामागचा जो भाग विचार जुळवतो, योजना आखतो, मोहाला आवर घालतो, तो प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी दाखवून दिलं आहे की आवाक्याबाहेरच्या ताणात नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं इतकी वाढतात की या भागातल्या पेशींची आपसातली जोडणी ढिली पडते. मग सूत्रं जुन्या, सवयीच्या वाटांकडे जातात. अशा घडीला नवं शहाणपण सुचणं कठीण. जे आधीच तोंडात बसलेलं आहे तेच हाताशी येतं.

वाक्याला अर्थ तरी लागतो का? इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ध्यानाचा अनुभव नसलेल्या २३ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून हिब्रू भाषेतला "एक" हा शब्द मनात म्हणायला सांगितला. मेंदूचा मोठा भाग निवळला, विशेषतः आपण रिकामे असताना स्वतःबद्दलच्या विचारांत रमणारं जाळं. श्रद्धेचा तिथे संबंध नव्हता, होती ती पुनरावृत्ती. त्याआधी २००१ मध्ये लुचियानो बर्नार्दी यांनी इटलीत आणखी एक सुंदर गोष्ट टिपली होती. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि "ओम मणि पद्मे हुम" हे दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सुमारे सहा वेळांवर येत होता. या गतीला रक्तदाबातले नैसर्गिक चढउतार आणि श्वास यांची लय जुळते, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया जास्त तल्लख होते. दोन अगदी वेगळ्या परंपरा दहा सेकंदांच्या एकाच श्वासावर येऊन थांबल्या होत्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

तरी अर्थ अगदीच गौण आहे असं मला वाटत नाही. फुग्याच्या वाक्यात माझ्यासाठी एक अर्थ होता: मी हे थांबवू शकते. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस लोकांना कर्कश, अनियमित आवाज ऐकवले. काहींना एक बटण दाखवून सांगितलं, असह्य झालं तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज सर्वांनी सारखाच सोसला, पण नंतर दिलेल्या अवघड कोड्यांवर बटणवाले जास्त चिकाटीने टिकले. हातात काहीतरी आहे ही जाणीवच त्यांना पुरली. मीही तो फुगा एकदाही दाबला नव्हता.

माझ्या एका मैत्रिणीचा नवरा अचानक गेला. "वेळ हेच औषध" हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. त्या काळात तिचं वाक्य होतं: पाय टेकले, दात घासायचे. सकाळी पलंगावरून पाय जमिनीला लागले की एवढंच म्हणायचं आणि उठायचं. पुढचा दिवस कसा जाणार, याला त्या वाक्यात जागा नव्हती. पीटर गोलविट्झर यांनी "अमुक झालं की तमुक करायचं" अशा जोडवाक्यांवर खूप काम केलं आहे. २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नुसत्या निर्धारापेक्षा अशी वाक्यं कामं तडीला नेण्यात बरीच सरस ठरली. खूण दिसली की कृती जवळजवळ आपोआप घडते, निर्णय घ्यावा लागत नाही. मैत्रिणीला हे संशोधन माहीत नव्हतं. तिला दात घासायचे होते.

कोणी स्वतःला नावाने हाक मारतं, "अगं, चल, होईल." ते वेडेपणाचं नाही. ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांत भाषणाच्या तयारीवेळी स्वतःशी "मी"ऐवजी स्वतःच्या नावाने किंवा "तू" म्हणून बोललेल्यांची भाषणं सरस झाली, आणि नंतरची घालमेलही कमी राहिली. दुसऱ्याला धीर देणं आपल्याला जमतं. नावाने हाक मारली की आपण क्षणभर आपल्याच दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो.

मंत्र या शब्दातच त्याचं काम दडलं आहे. "मन्" म्हणजे विचार करणं आणि "त्र" हा साधन दाखवणारा प्रत्यय, शस्त्र आणि पात्र या शब्दांत असतो तोच. विचाराचं अवजार. आणि अवजार हाताला बसायला वेळ लागतो. अमेरिकेत जिल बॉर्मन यांनी युद्धातून आघात घेऊन परतलेल्या १७३ माजी सैनिकांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या लोकांना आठ आठवडे एक शब्द किंवा छोटं वाक्य मनात म्हणायला शिकवलं, आणि ज्या दुसऱ्या उपचाराशी तुलना केली त्यापेक्षा त्यांची लक्षणं जास्त कमी झाली. या पद्धतीतली एक सूचना मला फार मोलाची वाटते: वाक्याचा सराव शांत वेळी करा, झोपण्याआधी, रांगेत उभं असताना. मी मात्र पहिल्या वेळी माझं वाक्य थेट बोगद्यात नेऊन वापरायला काढलं होतं. हेही सांगायला हवं, की त्या सैनिकांसोबत प्रशिक्षित माणसं होती. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वाक्यावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा, आणि एकटे जाऊ नका.

सहा महिन्यांनी मला पुन्हा तपासणी करायला सांगितली. या वेळी मी पंधरा दिवस आधीपासून रोज रात्री दिवा मालवल्यावर मूठ अलगद मिटायचे, श्वास सोडताना म्हणायचे, फुगा हातात आहे. हातात काहीच नसायचं. तपासणीच्या दिवशी टेबल आत सरकलं, ठकठक सुरू झाली, आणि मी म्हणायच्या आधीच वाक्य फिरायला लागलं होतं. मधल्या एका टप्प्यात तर मला बहुधा डुलकी लागली.

बाहेर आल्यावर टेक्निशियन म्हणाला, "झालं, ताई. फुगा द्या आता." बोटं उघडायला मला क्षणभर लागला.