पेन्सिल सेल की १४५००? जुन्या मेटल डिटेक्टरचा बॅटरी-कप्पा बदलण्याआधी

जुना मेटल डिटेक्टर हाती आला की पहिली डागडुजी बहुधा बॅटरीच्या कप्प्याचीच निघते. स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी पुटं चढलेली असतात, झाकणाची जीभ मोडलेली असते आणि दर वेळी आठ नवे पेन्सिल सेल भरायचा कंटाळा आलेला असतो. मग कोणीतरी सांगतं, ‘लिथियमचे टाक की, त्याच मापात मिळतात.’ मापाचं म्हणणं खरं आहे. घोटाळा होतो तो व्होल्टेजचा.

एए म्हणजे आपला नेहमीचा पेन्सिल सेल. त्याची जाडी साडेचौदा मिलिमीटर, लांबी साडेपन्नास. १४५०० हा लिथियम-आयन सेल १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब. दोन्ही शेजारी ठेवले तर वेष्टणावरचं वाचल्याशिवाय ओळखू येत नाहीत आणि एकाच्या खोबणीत दुसरा आरामात बसतो. पण अल्कलाइन पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, चार्ज होणारा निकेल-मेटल-हायड्राइड १.२ व्होल्टचा, तर १४५०० हा ३.७ व्होल्टचा. हा ३.७ आकडासुद्धा सरासरीचा. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, आणि यंत्राला पहिला दणका बसतो तो त्या ४.२ चा.

आठ सेल एकामागे एक जोडलेलं यंत्र १२ व्होल्टवर चालतं. नव्याकोऱ्या अल्कलाइनने सुरुवातीला पावणेतेरापर्यंत जातं, तेवढं ते सोसतं. त्याच ट्रेमध्ये आठ १४५०० भरले तर ३३.६ व्होल्ट होतात. आत १६ किंवा २५ व्होल्टचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतील तर ते फुगतील नाहीतर फुटतील, आणि बोर्ड वाचला तर नशीब समजायचं.

म्हणून तीन १४५०० आणि उरलेल्या पाच खोबणींत डमी सेल, असा तोडगा निघतो. डमी म्हणजे आत नुसती तार असलेली पोकळ नळी. पूर्ण चार्जला १२.६ व्होल्ट, म्हणजे व्होल्टेजचं गणित छान जुळतं. पण ऊर्जेचं जुळतं का? १४५०० मध्ये साधारण ८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची साठवण) मिळतात. ३.७ ने गुणलं तर एका सेलचे जेमतेम तीन वॉट-तास, तिघांचे मिळून नऊ. निकेल-मेटल-हायड्राइडचा २००० एमएएचचा एक सेल २.४ वॉट-तासांचा, म्हणजे आठ मिळून एकोणीस. लिथियम घालून यंत्र निम्म्यापेक्षाही कमी वेळ चालणार! पाच खोबण्या तारेने भरल्यावर दुसरं काय होणार? आठ सेलच्या यंत्रात १४५०० घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. वजन घटतं हे मान्य, पण कप्पा कोपराखाली असेल तर तेच वजन पुढच्या कॉईलला (दांड्याच्या टोकाची, धातू हेरणारी तारेची चकती) तोलून धरत असतं. आठ अल्कलाइन मिळून पावणेदोनशे ग्रॅमच्या पुढे जातात, तीन १४५०० साठच्या आसपास. दांडा पुढे जड होतो आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं.

एका ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्या बॅटरीत अल्कलाइनचे साधारण ५०० एमएएच असतात. दोन १४५०० एकामागे एक जोडले तर पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट आणि ८०० एमएएच. सात व्होल्टच्या आसपास बॅटरी संपत आल्याचा इशारा देणारं यंत्र असेल तर तेव्हा प्रत्येक सेल साडेतीनवर आलेला असतो. म्हणजे बराचसा चार्ज वापरून झालेला, पण सेलला इजा नाही. अडचण जागेची. चौकोनी बॅटरीची रुंदी साडेसव्वीस मिलिमीटर, तर शेजारी ठेवलेल्या दोन सेलना २८ लागतात. लांबीलाही दीड मिलिमीटर जास्त. कप्प्याची आतली भिंत कानशीने थोडी घासावी लागते, पण ही मेहनत वाया जात नाही.

तीन सेलच्या जोडणीत हा इशारा कामाला येत नाही. आठ अल्कलाइन गृहीत धरून बसवलेला इशारा आठ-साडेआठ व्होल्टला वाजला, तर तोवर प्रत्येक लिथियम सेल २.७-२.८ व्होल्टपर्यंत उतरलेला असतो. असं वारंवार झालं की सेल खराब होतो. त्यामुळे संरक्षक सर्किट (सेल फार उतरण्याआधी वीज तोडणारं) असलेला सेलच घ्यायला हवा. पण त्या सर्किटमुळे त्याची लांबी ५२-५३ मिलिमीटर होते आणि जुन्या ट्रेमध्ये तो बसतच नाही. मग लोक बिनसंरक्षणाचा सेल कोंबतात.

कानस हातात आहेच म्हणून एक गोष्ट बघून ठेवा. बऱ्याच जुन्या कप्प्यांत प्लसच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या बारीक कडा असतात. पेन्सिल सेलची टोपी त्यांच्या मधून पत्र्याला टेकते. सेल उलटा घातला तर सपाट बूड कडांवरच अडतं आणि यंत्र वाचतं. सपाट तोंडाचा १४५०० सुलटा घातला तरी तसाच अडतो, आणि ‘कनेक्शन लागत नाही’ म्हणून त्या कडा छाटल्या जातात. त्या दिवसापासून उलट्या सेलला अडवणारं काहीच उरत नाही. कडा तशाच ठेवून टोपीवाला सेल घ्यावा.

चार्जरही एकमेकांचे चालत नाहीत. निकेलचा हुशार चार्जर सेल भरल्यावर व्होल्टेज किंचित घसरतं ते हेरून थांबतो. लिथियममध्ये ती घसरण होतच नाही, त्यामुळे तो चार्ज ढकलत राहतो आणि सेल पेट घेऊ शकतो. लिथियमच्या चार्जरला ४.२ वर व्होल्टेज धरून ठेवायचं असतं, आणि दीड व्होल्टचा सेल तिथवर नेणं म्हणजे त्याचा सत्यानाश. वेष्टणावर नुसतं ‘लिथियम’ वाचून भुलू नका. लिथियम-आयर्नचा दीड व्होल्टचा पेन्सिल सेलही मिळतो. तो एकदाच वापरायचा असतो आणि चार्जरमध्ये मुळीच घालायचा नाही.

जास्त व्होल्टेज दिलं की यंत्र जास्त खोल बघतं, ही समजूतही या बदलामागे असते. रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) असलेल्या यंत्रात कॉईलला पूर्वीचंच व्होल्टेज मिळतं, जादाची नुसती उष्णता होते. रेग्युलेटर नसलेल्यातही फायदा तुटपुंजा. लहान वस्तूकडून येणारा संकेत अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो. कॉईलचा करंट दुप्पट केला तरी खोली वाढते ती जेमतेम १२ टक्के.

आठ सेलच्या यंत्रात निकेल-मेटल-हायड्राइड टाकून मोकळं व्हावं हे बरं. चार्जवरून नुकते काढलेले आठ सेल ११ व्होल्ट दाखवतील आणि लवकरच १० च्या खाली येऊन तिथेच बराच वेळ टिकतील. बॅटरीचा काटा पहिल्यापासून अर्ध्यावर दिसेल. काटा अल्कलाइनच्या हिशेबाचा आहे, त्याचं फार मनावर घेऊ नका. आणि लिथियमच बसवायचं ठरलं असेल, तर सेल ट्रेमध्ये घालून यंत्राची पिन लावण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही तारांवरचं व्होल्टेज आणि प्लस-मायनस तपासा. दोन सेलना ८.४ पेक्षा आणि तिघांना १२.६ पेक्षा जास्त दिसलं, तर एखाद्या डमीच्या जागी खरा सेल बसलाय.