औषधजन्य मोतीबिंदू, प्रायोगिक

औषध किंवा रसायन दिल्यामुळे प्रयोगशाळेतील प्राण्याचे नेत्रभिंग गढूळ होणे, याला प्रायोगिक औषधजन्य मोतीबिंदू म्हणतात. संशोधक तो कधी मुद्दाम घडवतात, म्हणजे विकार कसा वाढतो हे पाहता येते. कधी तो नव्या औषधाच्या विषारीपणाच्या चाचणीत अनपेक्षितपणे उगवतो, आणि खरी पंचाईत तिथे होते : हा इशारा माणसालाही लागू आहे का?

भिंगात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा प्रथिनांचा असतो आणि या प्रथिनांची मांडणी नीट राहिली तरच प्रकाश आरपार जातो. भिंगाचे जुने तंतू, म्हणजे त्याच्या लांबट पेशी, शरीराबाहेर टाकले जात नाहीत. त्यांच्यावर नवे थर चढत जातात. त्यामुळे एकदा झालेली इजा बहुधा आतच राहते.

मुद्दाम घडवलेल्या मोतीबिंदूचे एक जुने उदाहरण 1886 सालचे आहे. फ्रान्समध्ये बुशार आणि शारँ यांनी सशांना नॅफ्थलीन, म्हणजे कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्यांतले द्रव्य, खाऊ घालून मोतीबिंदू घडवला. 1935 मध्ये मिचेल आणि डॉज यांनी पांढऱ्या उंदरांना (रॅट) दुग्धशर्करेचा भरपूर आहार दिला, तेव्हाही हेच झाले. दुग्धशर्करेतून मिळणारी गॅलॅक्टोज ही साखर औषध नव्हे, पण कार्यकारणाचा उलगडा तिच्यामुळेच झाला. भिंगातले अल्डोज रिडक्टेज हे विकर (एंझाइम) गॅलॅक्टोजचे गॅलॅक्टिटॉल करते. हे नवे द्रव्य पेशीबाहेर सहज पडत नाही, पाणी ओढून घेते आणि तंतू फुगून फुटतात. किनोशिता यांनी मांडलेली ही उपपत्ती पुढे मधुमेही उंदरांनाही लागू पडली. माऊस जातीच्या लहान उंदरांच्या भिंगात हे विकर फारच कमी असते, म्हणून तोच आहार त्यांना फारसा बाधत नाही.

वयही तितकेच निर्णायक. सोडियम सेलेनाइटचे एकच इंजेक्शन उंदराच्या दुधपित्या पिलाला दिले, तर काही दिवसांत भिंगाचा गाभा पांढरा होतो. 1978 मध्ये वर्णिलेला हा नमुना आजही मोतीबिंदूरोधक द्रव्ये तपासायला वापरतात. पिलू साधारण 16 दिवसांपेक्षा मोठे असले की तीच मात्रा निष्फळ ठरते.

प्राण्याने माणसाला फसवल्याचे उदाहरण म्हणजे डायनायट्रोफेनॉल. 1933 नंतर अमेरिकेत वजन घटवण्यासाठी ते सर्रास घेतले जाऊ लागले आणि 1935 पासून तरुण स्त्रियांमध्ये मोतीबिंदू दिसू लागले. नेहमीच्या सस्तन प्रयोगप्राण्यांत मात्र तो घडवता येईना. पुढे तो सापडला कोंबडीच्या आणि बदकाच्या पिलांत, तोही तात्पुरता.

ट्रायपॅरॅनॉलची कथा नेमकी उलटी. ‘एमईआर/29’ या नावाने 1960 मध्ये अमेरिकेत बाजारात आलेले हे औषध कोलेस्टेरॉलनिर्मितीची शेवटची पायरी रोखत असे, त्यामुळे त्याआधीच्या पायरीवरचे डेस्मोस्टेरॉल हे द्रव्य साचे. मेरेल कंपनीच्या स्वतःच्या उंदरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते, पण औषध-प्रशासनाला दिलेल्या माहितीत फेरफार करण्यात आला. रुग्णांची दृष्टी अधू होऊ लागल्यावर एप्रिल 1962 मध्ये औषध मागे घेतले गेले. 1964 च्या फौजदारी खटल्यात कंपनीने आरोपांना आव्हान दिले नाही आणि 80,000 डॉलर दंड भरला. इथे प्राण्यांनी वेळेवर सांगितले होते, ऐकणाऱ्यांनी लपवले.

क्वेटियापिन या मनोविकारावरील औषधाने दीर्घकालीन चाचण्यांत कुत्र्यांना मोतीबिंदू झाला, आणि कुत्र्यांत ते कोलेस्टेरॉलनिर्मितीत अडथळा आणते असेही आढळले. माणसांत तसा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, तरी डोळे तपासून घेण्याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात आली. ही खबरदारी अति वाटते, पण ट्रायपॅरॅनॉलनंतर तिला नावे ठेवणे कठीण. स्टेरॉइडांचे याच्या उलट आहे : माणसांत त्यांनी होणारा मोतीबिंदू 1960 पासून परिचित आहे, पण उंदरांत तो सहज घडत नाही, म्हणून कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणावर प्रयोग करावे लागतात.

शेवटी एक फसवा प्रकार. मॉर्फिनसारखी औषधे किंवा झायलाझिन-केटामिनची भूल दिल्यावर उंदरांचे भिंग थोड्याच वेळात पांढुरके होते. पापण्या मिटत नाहीत, डोळा कोरडा पडतो आणि आतल्या द्रवाची तीव्रता वाढते, हे त्याचे एक मोठे कारण. थंडीनेही असाच पांढुरकेपणा येतो. प्राणी शुद्धीवर आला की काही तासांत भिंग बहुधा पुन्हा निवळते. म्हणून भूल देताना डोळ्यांत मलम घालतात, प्राण्याला उबदार ठेवतात आणि भिंगाची तपासणी शक्यतो भुलीआधी, बाहुली रुंद करून, स्लिट लॅम्पने (डोळा मोठा करून पाहण्याचे प्रकाशयंत्र) उरकतात.