दृष्टिपटलाची चीर (वार्धक्यजन्य)

उतारवयात डोळ्यातील काचाभ पदार्थ मागच्या भिंतीपासून सुटताना दृष्टिपटल, म्हणजे बोलीतला डोळ्याचा ‘पडदा’, ओढले जाऊन त्याला पडणारी फाट. चिरेतून द्रव पडद्यामागे शिरला की पडदा सरकतो आणि नजर जाते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे या सगळ्यात डोळा दुखत नाही. न दुखणाऱ्या डोळ्यासाठी कोणी धावतपळत दवाखाना गाठत नाही, आणि खरा घात तिथेच होतो.

भिंगामागची पोकळी सुमारे ४ मिलिलिटर काचाभाने भरलेली असते. त्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच. कोलॅजेनचे तंतू आणि हायल्युरोनिक आम्ल यांमुळे त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दाटपणा येतो. वयानुसार हा दाटपणा मोडतो, आत पाण्याचे कप्पे तयार होतात, तंतूंचे पुंजके होतात आणि उरलेला भाग आक्रसून पडद्यापासून सुटतो. हे बहुधा ५० ते ७० या वयात घडते. मोठा मायनस नंबर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा डोळ्याला लागलेला मार यांमुळे ते लवकर होते. या सुटण्याला रोग म्हणू नये. केस पिकण्यासारखाच तो वयाचा भाग आहे.

बहुतेकांचा काचाभ सुखरूप सुटतो. मात्र पडद्याच्या पुढच्या कडेला त्याची पकड मुळातच घट्ट असते आणि काहींच्या पडद्यावर विरलेल्या कापडासारखे पट्टे (‘लॅटिस’) असतात. भिंतीवर चिकटवलेला कागद ओढून काढताना एखाद्या जागी रंगाचा पापुद्रा सोबत यावा, तसा तिथे पडदा फाटतो. ही फाट घोड्याच्या नालाच्या आकाराची असते. तिची जीभ काचाभाला चिकटलेलीच राहते आणि डोळा हलला की पुन्हा पुन्हा खेचली जाते. म्हणून ती धोक्याची. तुकडा पूर्ण तुटून निघाला, तर ओढ संपते आणि धोका बराच कमी होतो.

रात्री अंधाऱ्या खोलीत मान वळवताना कानाकडच्या बाजूला वीज चमकल्यासारखे होते. ती पडद्याला बसणारी ओढ. पांढऱ्या भिंतीकडे पाहिले की माशी किंवा कोळ्याचे जाळे नजरेमागोमाग फिरते. कधी स्पष्ट गोल कडी दिसते: दृष्टिचेतेच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) तोंडाभोवतीची काचाभाची चिकटण सुटून ती तरंगत असते. एवढ्यावर थांबले तरी डोळा तपासून घ्यावा. पण अचानक बारीक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडू लागला किंवा कडेने सावली चढू लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. नव्याने चमक किंवा माश्या दिसू लागलेल्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांत चीर सापडते. आत रक्त उतरले असेल तर हे प्रमाण निम्म्याहून वर जाते. तपासणीत काचाभात तंबाखूच्या भुकटीसारखे तपकिरी कण दिसले, की डॉक्टर चीर शोधल्याशिवाय राहत नाहीत.

त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि डोळा बाहेरून हलके दाबत पडद्याची कड न् कड पाहतात. नुसता नंबर तपासून हे कळत नाही. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते, तेव्हा दुचाकी घरी ठेवून, कोणाला तरी सोबत घेऊन जावे. पहिल्या वेळी चीर नसली तरी ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा दाखवणे गरजेचे असते, कारण काहींना ती उशिरा पडते.

लेझर चीर शिवत नाही. तो चिरेभोवती ठिपक्यांच्या दोन-तीन रांगा भाजतो. तिथे व्रण धरून पडदा खालच्या थराला चिकटतो. ही पकड पक्की व्हायला १० ते १४ दिवस लागतात. रक्तामुळे लेझर पोचत नसेल, तर बाहेरून गोठवून तोच परिणाम साधतात. लक्षणे देणारी नालाकृती चीर तशीच सोडली, तर जवळपास निम्म्या डोळ्यांत पडदा सरकतो; उपचारानंतर हा धोका सुमारे ५ टक्क्यांवर येतो.

आधी चीर पडते आणि मग पडदा सरकतो, हे स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिले आणि १९२० च्या दशकात चीर डागून बंद करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. त्याआधी सरकलेला पडदा म्हणजे जवळपास गेलेला डोळाच होता.

लेझरनंतरही माश्या दिसत राहतात. रुग्णांना हे आधीच सांगितलेले बरे. काही महिन्यांत मेंदू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. दुसऱ्या डोळ्याचा काचाभही बहुधा एक-दोन वर्षांत सुटतो, आणि तेव्हा ही सगळी तपासणी त्या डोळ्यासाठी नव्याने करावी लागते.