स्मार्ट स्पीकर घरी नीट चालण्यासाठी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक ॲमेझॉनच्या इको डॉट, इको पॉप अशा अलेक्सावाल्या (बोललेल्या आज्ञेवर चालणाऱ्या) स्पीकरांसाठी आहे. गूगल नेस्ट घेतलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं, फक्त ॲपमधली बटणं वेगळ्या जागी सापडतील. ‘स्पीकर ऐकत नाही’ म्हणून तक्रार येते तेव्हा स्पीकर बहुधा ठणठणीत असतो. गोची असते ती अडॅप्टरमध्ये, वायफायमध्ये, नाहीतर दिव्या-पंख्याला दिलेल्या नावात.

जागा आणि वीज

स्पीकर भिंतीपासून आणि खिडकीपासून वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर तरी लांब ठेवा. शोकेसच्या कप्प्यात कोंबला तर आवाज घुमतो आणि माइकला तुमचं बोलणं अस्पष्ट ऐकू जातं. टीव्हीच्या अगदी शेजारी, किंवा पाचवर फिरणाऱ्या पंख्याच्या बरोबर खालीही नको. स्वयंपाकघरात ठेवायचा असेल तर गॅस आणि चिमणीपासून दूरच्या टोकाला ठेवा. माइकची भोकं टाचणीएवढी असतात. फोडणीचं तेल आणि धूळ मिळून ती हळूहळू बुजतात, मग ओरडल्याशिवाय काम होत नाही. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. कॉलिनसारखा फवारा थेट मारू नका.

सोबत आलेला अडॅप्टरच वापरा. इको डॉट आणि पॉपला १५ वॅटचा, गोल पिनचा अडॅप्टर लागतो, मोबाइलचा चार्जर चालत नाही. बाजारात त्याच गोल पिनचे स्वस्त अडॅप्टर मिळतात. त्यावर स्पीकर सुरू होतो, बोलतोही, पण आवाज वाढवला की बंद पडून पुन्हा चालू होतो, कारण मोठ्या आवाजाला लागणारा करंट तो देऊ शकत नाही. सैल झालेल्या एक्स्टेंशन बोर्डावरही असंच होतं.

स्पीकरमध्ये बॅटरी नसते, त्यामुळे वीज गेली की तो गप्प. इन्व्हर्टर असेल तर स्पीकर आणि राउटर दोन्ही त्याच्या लाइनवर घ्या. एकच घेतला तर उपयोग नाही, इंटरनेटशिवाय स्पीकर फक्त आधी लावलेला गजर वाजवू शकतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, त्यावर निदान इंटरनेट चालू राहतं, स्पीकर नाही. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेच जुळवा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत.

वायफाय

स्पीकर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालतो. स्पीकरच्या आज्ञेवर चालणारे स्मार्ट प्लग, बल्ब आणि स्विच मात्र बहुतेक २.४ वरच चालतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर फोन ५ वर राहतो, प्लग २.४ वर शोधत बसतो आणि जोडणी नव्वद-पंचाण्णव टक्क्यांवर अडकते. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमधून ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद करा, सगळी उपकरणं जोडा आणि मग परत चालू करा. सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२’ ठेवा. नुसतं ‘डब्ल्यूपीए३’ ठेवलं तर जुने प्लग जोडले जात नाहीत. उपकरणं पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवरही घालू नका, तिथे बरेच राउटर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत.

इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला, की घरातले सगळे बल्ब-प्लग पुन्हा जोडायला लागणार म्हणून लोक हवालदिल होतात. त्याची गरज नाही. नव्या राउटरला जुन्याचंच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, स्पेलिंग आणि लहान-मोठी अक्षरं सकट. सगळं आपोआप जोडलं जातं. राउटर बसवायला येणाऱ्या मुलाला हे तो निघायच्या आधी सांगा.

मराठी घरातली भाषा

अलेक्साला इंग्रजी आणि हिंदी येतं, मराठीत संभाषण येत नाही. फोनवरच्या अलेक्सा ॲपमध्ये ‘डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तुमचा स्पीकर निवडा, त्याच्या सेटिंगमध्ये ‘लँग्वेज’ उघडा आणि इंग्रजी-हिंदी जोडपर्याय लावा. मराठी घरासाठी आमची शिफारस हीच. ‘अलेक्सा, दस मिनट का टाइमर लगाओ’ आणि ‘अलेक्सा, सेट अ टाइमर’ दोन्ही चालतं, त्यामुळे आजी एका भाषेत आणि नातू दुसऱ्या भाषेत, असं एकाच स्पीकरवर निभतं.

खरी अडचण नावांची. दिव्याचं नाव ‘देव्हारा’ ठेवलंत तर स्पीकर ते हिंदी-इंग्रजीच्या कानाने ऐकतो आणि भलतंच काहीतरी समजतो. यावर दोन उपाय आहेत.

पहिला म्हणजे सरळ नावं. ‘माजघर’ऐवजी ‘हॉल’, ‘स्वयंपाकघर’ऐवजी ‘किचन’, ‘देव्हारा’ऐवजी ‘मंदिर’. एकमेकांसारखी नावं टाळा. ‘बेडरूम लाइट’ आणि ‘बेडरूम लाइट टू’ असलं की दर वेळी ‘कौन सी?’ असा उलटप्रश्न येतो. एका खोलीतल्या उपकरणांचा ॲपमध्ये जो ग्रुप करतात त्याचं आणि त्यातल्या दिव्याचं नाव तर कधीच एक ठेवू नका.

दुसरा उपाय फारसा कोणी वापरत नाही, पण हमखास लागू पडतो. ॲपच्या ‘अलेक्सा प्रायव्हसी’मध्ये ‘व्हॉइस हिस्ट्री’ आहे. तुम्ही बोललेलं प्रत्येक वाक्य स्पीकरने काय ऐकलं ते तिथे लिहिलेलं असतं. हवं ते नाव नेहमीच्या जागेवरून तीन-चारदा बोला आणि तिथे काय उमटलं ते पाहा. दर वेळी एकच शब्द उमटत असेल, मग तो कितीही चुकीचा असो, तर दिव्याला तेच नाव देऊन टाका. तुम्ही बोलायचं ‘देव्हारा’, ॲपमध्ये नाव काहीही दिसू दे. दर वेळी वेगळं उमटत असेल तर ते नाव सोडून द्या.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे नाव घ्यावंच लागू नये. खोलीचा ग्रुप करताना दिव्यांसोबत त्या खोलीतला स्पीकरही त्यात घाला. मग त्या खोलीत नुसतं ‘लाइट बंद करो’ म्हटलं की तिथलेच दिवे बंद होतात. घरात दोन-तीन स्पीकर असतील तेव्हा हे केलंच पाहिजे.

मराठी शब्दांवर काम करून घ्यायचं असेल तर ‘रूटीन’, म्हणजे एका वाक्यावर होणारी ठरवून दिलेली कामं, वापरा. ‘मोअर’मध्ये ‘रूटीन्स’ उघडा, अधिक चिन्ह दाबा, नाव द्या, सुरुवात कशाने व्हायची तिथे ‘व्हॉइस’ निवडा आणि वाक्य लिहा. मग काय करायचं ते एकेक जोडा: हॉलचे दिवे बंद, पंखा तीनवर, गजर सहाचा. सेव्ह केल्यावर मिनिटभर थांबून बोलून बघा. वाक्य दोन-तीन शब्दांचं आणि हिंदीशी जुळणारं असावं. ‘शुभ रात्री’ चालतं, ‘आता झोपायचंय’ यावर भरवसा ठेवता येत नाही.

दिवे, पंखा, गीझर

स्मार्ट बल्ब घेतला की भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. कोणीतरी सवयीने ते बंद करतं आणि स्पीकर म्हणतो, उपकरण प्रतिसाद देत नाही. घरात वयस्कर माणसं किंवा कामाला येणाऱ्या मावशी असतील तर बल्बऐवजी बोर्डाच्या आत बसणारं मॉड्यूल बरं. त्यात भिंतीचं बटणही चालतं आणि आवाजही. त्याला न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे ती असतेच, नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात अनेकदा नसते. विनान्यूट्रलची मॉड्यूलंही मिळतात, पण ती बल्बमधूनच थोडा करंट घेतात, त्यामुळे ५-७ वॅटचा एलईडी बंद असतानाही मंद जळतो किंवा लुकलुकतो. त्यासाठी बल्बच्या तोंडाशी छोटा कॅपॅसिटर लावतात. हे काम वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून करून घ्या.

रात्री वीज जाऊन तीन वाजता परत आली आणि बेडरूमचा बल्ब भगभगीत पेटला, तर तो बिघाड नाही. बल्बच्या स्वतःच्या ॲपमध्ये ‘पॉवर ऑन’ नावाची सेटिंग असते. ती ‘लास्ट स्टेट’ किंवा ‘ऑफ’ करा. अलेक्साच्या ॲपमध्ये शोधून ती सापडणार नाही.

पंख्याला वेग बदलणारं मॉड्यूल बसवलं तर जुना रेग्युलेटर काढून टाका. दोन्ही एकामागोमाग राहिले की पंखा घूंऽऽ करत फिरतो आणि वेग भलताच मिळतो. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्याला तर कुठलाच रेग्युलेटर लावायचा नसतो, त्याला पूर्ण व्होल्टेज हवं. तो त्याच्या रिमोटवरून किंवा स्वतःच्या वायफायवरून चालवा.

गीझरबाबत तडजोड नाही. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३. त्याला १६ अँपिअरचाच, जाड पिनांचा स्मार्ट प्लग लागतो. अडॅप्टर लावून ६ अँपिअरच्या प्लगवर चालवला तर प्लग आतून वितळतो. प्लगचं तोंड पिवळट झालं असेल किंवा हात लावल्यावर चटका बसत असेल तर त्याच दिवशी काढा. गीझरला ‘चालू’च्या आज्ञेबरोबर ‘वीस मिनिटांनी बंद’ असं रूटीनही जोडा, विसरायची भीती राहत नाही.

एसी प्लगवरून तोडू नका. कंप्रेसर चालू असताना वीज तोडणं त्याला मानवत नाही, आणि वीज परत आली तरी काही एसी रिमोटशिवाय सुरूच होत नाहीत. त्यासाठी आयआर ब्लास्टर घ्या. हा लहानसा डबा रिमोटसारखे इशारे सोडतो. त्याला एसी आणि टीव्ही समोर दिसले पाहिजेत, लाकडी कपाटाच्या दाराआडचा सेटटॉप बॉक्स त्याला चालवता येत नाही. एक मर्यादा लक्षात घ्या: टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंदला बहुधा एकच बटण असतं आणि टीव्ही कुठल्या अवस्थेत आहे हे ब्लास्टरला कळत नाही. म्हणून बंद असलेल्या टीव्हीला ‘बंद करो’ म्हटलंत तर तो चालू होऊ शकतो.

गाणी, गजर, आठवणी

हवं ते गाणं न लागता त्याच्यासारखं दुसरंच लागतं, याचं कारण बहुधा संगीतसेवेचा मोफत किंवा मर्यादित प्लॅन. ‘म्युझिक’च्या सेटिंगमध्ये तुम्ही पैसे भरत असलेली सेवा ‘डिफॉल्ट’ करा, नाहीतर स्पीकर आपल्या मनाने दुसरीकडे शोधतो. मराठी गाणं मागताना गायकाचं नाव आणि गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द एकत्र सांगा. तरी सापडेना, किंवा कीर्तन, हरिपाठ, ऑडिओ पुस्तक फोनमध्येच असेल, तर ‘अलेक्सा, पेअर’ म्हणा, फोनच्या ब्लूटूथमध्ये स्पीकर निवडा आणि फोनवरून लावा. मराठी ऐकणाऱ्यांसाठी हाच सर्वांत भरवशाचा मार्ग.

गजराचा आवाज गाण्याच्या आवाजापेक्षा वेगळा असतो. गाणं हळू करून झोपलात तरी गजर दणक्यात वाजतो, किंवा उलट. स्पीकरच्या सेटिंगमध्ये त्याची स्वतंत्र पट्टी आहे, ती एकदा लावून ठेवा. औषधांच्या आठवणीसाठी नाव साधं ठेवा, ‘बीपी की गोली’ पुरे. आठवण ऐकली गेली म्हणजे गोळी घेतली गेली असं नव्हे, तेव्हा डबीतल्या गोळ्या मोजणारं माणूस घरात हवंच.

कोण ऐकतं

‘अलेक्सा’ हा शब्द स्पीकर स्वतःच ओळखतो. त्यानंतरचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. टीव्हीवरच्या जाहिरातीने तो उठत असेल तर ‘वेक वर्ड’ बदलून ‘इको’ करा. माइकचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि माइक बंद होतो. जुन्या नोंदी तीन महिन्यांनी किंवा अठरा महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोय ‘अलेक्सा प्रायव्हसी’त आहे. आम्ही तीन महिने लावून देतो. आवाजावरून खरेदी बंद ठेवा, आणि बेडरूममधल्या स्पीकरवर ‘ड्रॉप इन’ही. ते चालू असलं तर परवानगी दिलेला माणूस तुम्ही न उचलताच थेट तुमच्या खोलीत बोलू आणि ऐकू शकतो.

दिव्याचा रंग

निळा म्हणजे ऐकतोय. पिवळा लुकलुकणारा म्हणजे निरोप आलाय, बहुतेकदा ऑर्डरची सूचना. नको असेल तर ‘नोटिफिकेशन्स’मध्ये ‘शॉपिंग’ बंद करा. हिरवा म्हणजे कॉल किंवा ड्रॉप इन. लाल म्हणजे माइक बंद, आणि ‘स्पीकर मेला’ म्हणून येणाऱ्या फोनांत हे कारण वरचेवर निघतं. बोलल्यावर जांभळा चमकला तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू आहे. नारिंगी फिरणारा म्हणजे तो वायफाय शोधतोय.

काहीच सुचेना तर आधी राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा, मग स्पीकर. सगळं पुसून पहिल्यासारखं करायचं असेल तर इको डॉटवरचं ठिपक्याचं बटण (पॉपवर हे बटण नसतं) नारिंगी दिवा लागेपर्यंत, साधारण २० ते २५ सेकंद, दाबून धरा. गजर आणि सेटिंग जातील, बल्ब-प्लगची यादी खात्यात राहते. स्पीकर दुसऱ्या कोणाला देणार असाल तर त्याआधी ॲपमधून तो आपल्या खात्यातून काढायला विसरू नका.

दुकानात दाखवायला आणण्याआधी दिव्याचा रंग पाहून ठेवा आणि व्हॉइस हिस्ट्रीचा स्क्रीनशॉट काढा. स्पीकरबरोबर अडॅप्टरही आणा, नुसता स्पीकर आणलात तर अर्धी तपासणी राहते.